नवा जोडलेला पीसी सुरू होत नाही? दोष कुठे आहे ते असं शोधा

सगळे भाग जोडून झाले, बटण दाबलं आणि पीसी ढिम्म. किंवा फॅन गरगर फिरतायत, आरजीबी दिवे लागलेत, पण स्क्रीन काळी ती काळीच. अशा वेळी पहिला संशय सगळ्यात महागड्या भागावर जातो: प्रोसेसर गेला, बोर्ड (मदरबोर्ड) डेड आला. खरं तर खोक्यातून थेट बाद निघालेला प्रोसेसर फार विरळा. अर्धवट बसलेली रॅम, लावायची राहून गेलेली प्रोसेसरची आठ पिनची केबल, भलत्याच पोर्टात खोचलेली एचडीएमआय, जुनं बायॉस (पीसी सुरू करणारा, बोर्डातच असलेला प्रोग्राम), बोर्डाखाली राहिलेला जादा पितळी खांब (स्टँडऑफ), ही नेहमीची कारणं. ती शोधायला लागतं काय? फिलिप्सचा दोन नंबरचा स्क्रू ड्रायव्हर, मोबाईलची टॉर्च आणि तुमच्याच बोर्डाच्या मॅन्युअलची पीडीएफ. साधा मल्टिमीटर हाताशी असला तर उत्तम.

एक नियम शेवटपर्यंत पाळायचा. एका वेळी एकच बदल करा आणि मग बटण दाबा. रॅम हलवली, बॅटरी काढली, ग्राफिक्स कार्ड उपसलं, सगळं एकदम केलं आणि पीसी चालू झाला, तर दोष नेमका कशात होता हे कळत नाही आणि तो आठवड्याने परत येतो. दुसरं म्हणजे, आत हात घालण्याआधी दर वेळी एसएमपीएसचा, म्हणजे पीसीला वीज देणाऱ्या डब्याचा, मागचा स्विच बंद करायचा, कॉर्ड काढायची आणि पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरायचं, म्हणजे उरलासुरला चार्ज निघून जातो.

पीसी कुठवर पोचतो ते आधी पाहा

"सुरू होत नाही" एवढं सांगून कोणालाच काही कळत नाही. सुरू होण्याचा एक ठरलेला क्रम असतो. एसएमपीएसला वीज मिळाली की पीसी बंद असतानाही बोर्डाला ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन मिळत राहते. बटण दाबलं की बोर्ड एसएमपीएसच्या हिरव्या वायरला ग्राउंड करतो आणि १२, ५ आणि ३.३ व्होल्ट सुरू होतात. व्होल्टेज स्थिरावले की एसएमपीएस राखाडी वायरवरून "पॉवर गुड" असा सिग्नल देतो आणि तेव्हाच प्रोसेसर जागा होतो. पुढे बायॉस आधी प्रोसेसर, मग रॅम, मग ग्राफिक्स आणि शेवटी बूट होणारी डिस्क तपासतं. गाडी यातल्या कोणत्या टप्प्यावर थांबली हे लक्षणावरून कळतं, आणि मग तेवढाच टप्पा तपासायचा.

म्हणून काहीही उघडण्याआधी दोन-तीनदा बटण दाबा आणि नीट बघा. काहीच हालत नाही? फॅन क्षणभर हलून थांबतो? सगळं फिरतं पण डिस्प्ले नाही? काही सेकंदांनी आपोआप बंद होतो, पुन्हा चालू होतो? की बायॉस दिसतं पण पुढे जात नाही?

काहीच हालचाल नाही

सुरुवात भिंतीपासून करा. सॉकेटमध्ये फोनचा चार्जर लावून लाइट आहे ना ते बघा. पीसी एक्स्टेन्शन बोर्डावर किंवा यूपीएसवर असेल तर तो थेट भिंतीत लावा. ६०० व्हीएचा स्वस्त यूपीएस आणि ग्राफिक्स कार्डवाला पीसी यांचं फारसं जमत नाही, त्यामुळे निदान होईपर्यंत यूपीएस बाजूलाच ठेवा. एसएमपीएसच्या मागे कॉर्ड घट्ट बसलीय ना? नव्या कॉर्ड कडक असतात आणि शेवटचे दोन-तीन मिलीमीटर राहून जातात. स्विचवर उभी रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. हे वाचून हसू येईल, पण स्विच गोलावर राहिलेले पीसी दुकानात "डेड" म्हणून येतच असतात.

काही जुन्या किंवा अगदी स्वस्त एसएमपीएसवर ११५/२३० असा छोटा लाल स्विच असतो. आपल्याकडे तो २३० वरच हवा. ११५ वर ठेवून २३० व्होल्ट दिले तर मोठा आवाज होतो, धूर निघतो आणि एसएमपीएस गेला म्हणून समजा. हल्लीच्या बऱ्या एसएमपीएसमध्ये हा स्विच नसतो, ते १०० ते २४० व्होल्ट आपोआप सांभाळतात.

कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तिथेच थांबा, घरातलं अर्थिंग नाही किंवा तुटलंय. एसएमपीएसच्या आत मेन्सचा गोंगाट गाळणारे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींपासून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग नसलं की बॉडीवर मेन्सच्या साधारण निम्मा व्होल्टेज तरंगत राहतो. करंट फारच थोडा असतो, पण अशा पीसीला चालू टीव्हीची एचडीएमआय लावली तर पोर्ट जाऊ शकतो. जुन्या वाड्यांत आणि चाळींत हे सर्रास दिसतं. इलेक्ट्रिशियनकडून तो पॉइंट आधी नीट करून घ्या, तीन पिनचं दोन पिन करणारा अॅडॉप्टर हा त्यावरचा उपाय नाही.

आता बोर्डाकडे या. बऱ्याच बोर्डांवर स्टँडबायचा छोटा दिवा असतो, तो पीसी बंद असतानाही लागतो. लागलेला असेल तर एसएमपीएस निदान जिवंत आहे आणि संशय बटणाकडे जातो. लागत नसेल तर २४ पिनचा कनेक्टर काढून पुन्हा बसवा. तो बराच जोर मागतो: बोर्डाची कड मागून बोटांनी आधारून खुंटी अडकेपर्यंत दाबा. एक बाजू वर उचललेली राहिली तरी पीसी चालू होत नाही.

पॉवर बटणाच्या पिना हा सगळ्यात जास्त चुकणारा भाग. बहुतेक बोर्डांवर उजव्या खालच्या कोपऱ्यात दोन ओळींत नऊ पिना असतात, दहावीची जागा रिकामी. ज्या ओळीत पिन कमी आहे ती ओळ घ्या. रिकाम्या जागेच्या विरुद्ध टोकाकडून पहिल्या दोन पिना पॉवर एलईडीच्या, त्यापुढच्या दोन पॉवर स्विचच्या, मग रिकामी जागा. समोरच्या ओळीत त्याच टोकाकडून पहिल्या दोन हार्ड डिस्कच्या दिव्याच्या, पुढच्या दोन रिसेटच्या, शेवटची मोकळी. काही बोर्डांची रचना वेगळी असते, म्हणून मॅन्युअलमधलं चित्र बघितल्याशिवाय वायर लावू नका. स्विचच्या वायरला उलट-सुलट नसतं, कशीही लावली तरी चालते. दिव्याच्या वायरला मात्र प्लस-मायनस असतं. उलटी लागली तर दिवा लागणार नाही, नुकसान काही होत नाही.

कॅबिनेटच्या बटणातच खोट आहे का ते बघायचं असेल तर बटणाची वायर काढा, एसएमपीएसचा स्विच चालू करा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने पॉवर स्विचच्या त्या दोन पिना अर्धा सेकंद एकमेकींना टेकवा. पीसी सुरू झाला तर बोर्ड आणि एसएमपीएस ठीक, खोट बटणात किंवा त्याच्या वायरीत. अशा वेळी बटण दुरुस्त होईपर्यंत रिसेटच्या बटणाची वायर पॉवरच्या पिनांवर लावून काम चालवता येतं. टोक शेजारच्या पिनेला लागू देऊ नका.

तरीही काही झालं नाही तर एसएमपीएस वेगळा तपासा. मल्टिमीटर डीसीवर ठेवून, मागचा स्विच चालू करून, २४ पिनच्या जांभळ्या वायरवर ग्राउंडच्या (काळ्या वायरच्या) तुलनेत ४.७५ ते ५.२५ व्होल्ट दिसायला हवेत. शून्य दिसलं तर एसएमपीएस मेलेला आहे. पेपरक्लिपची चाचणी सगळ्यांना माहीत असते: कनेक्टर बोर्डापासून काढायचा, हिरवी आणि शेजारची काळी वायर क्लिपने जोडायची आणि मग स्विच चालू करायचा. हल्लीच्या मॉड्युलर, म्हणजे एसएमपीएसपासून सुट्या होणाऱ्या, केबलींत सगळ्याच वायरी काळ्या असतात, तिथे अंदाजाने क्लिप खुपसू नका. काही एसएमपीएसबरोबर त्यासाठीचा जंपर प्लग येतो, नसेल तर दुकानात एसएमपीएस टेस्टर मिळतो, तो घ्या. कमी लोडवर फॅन बंद ठेवणारे एसएमपीएसही असतात, म्हणून चाचणी करताना कॅबिनेटचा एखादा फॅन जोडून ठेवा. आणि ही चाचणी पास झाली म्हणजे एसएमपीएस चालू होतो एवढंच कळतं, लोड आल्यावर तो टिकतो की नाही ते नाही. एसएमपीएसचं झाकण मात्र कधीही उघडू नका. आतल्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टहून जास्त चार्ज असतो आणि तो कॉर्ड काढल्यावरही काही काळ राहतो.

फॅन हलतो आणि लगेच थांबतो

फॅनने अर्धी गिरकी घेतली आणि सगळं बंद. याचा सरळ अर्थ एसएमपीएसने शॉर्ट ओळखला आणि स्वतःला वाचवलं. त्यानंतर बटण दाबत राहून उपयोग नसतो, कारण बरेच एसएमपीएस लॉक होऊन बसतात. मागचा स्विच बंद करून मिनिटभर थांबलं की ते लॉक सुटतं.

शॉर्टची ठिकाणं ठरलेली आहेत. पहिलं ठिकाण स्टँडऑफ, म्हणजे बोर्डाखालचे पितळी खांब. कॅबिनेटमध्ये एटीएक्स, मायक्रो एटीएक्स आणि मिनी आयटीएक्स अशा तिन्ही आकारांची भोकं असतात. पूर्ण एटीएक्स बोर्डाला साधारण नऊ खांब लागतात, मिनी आयटीएक्सला चार. ज्या खांबाच्या वर बोर्डाला भोक नाही, तो खांब बोर्डामागच्या सोल्डरला टेकतो आणि शॉर्ट होतो. नव्या कॅबिनेटमध्ये खांब आधीच बसवून येतात आणि माणूस मायक्रो एटीएक्स बोर्ड त्यावर तसाच ठेवून देतो, तिथे हे घडतं. दुसरं ठिकाण मागची आय/ओ शील्ड, म्हणजे पोर्टांभोवतीचा पत्रा: तिच्या पत्र्याची एखादी जीभ यूएसबी किंवा लॅनच्या पोर्टात आत वळून बसते. तिसरं, बोर्डामागे घरंगळलेला स्क्रू. कॅबिनेट हळूच तिरकं करून खुळखुळ ऐका.

चौथं ठिकाण पॉवरच्या केबली, आणि इथे नुकसान कायमचं होऊ शकतं. प्रोसेसरची केबल ४+४ अशी फुटते, ग्राफिक्स कार्डाची ६+२ अशी. दोन्ही आठ पिनच्या दिसतात, पण त्यांतल्या १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा एकमेकींच्या उलट आहेत. खाचा वेगळ्या असल्यामुळे सहज बसत नाही, जोर लावला तर मात्र बसते. केबल जाईनाशी झाली तर थांबा आणि टोकाला काय लिहिलंय ते वाचा. मॉड्युलर एसएमपीएसच्या केबली तर दुसऱ्या कंपनीच्या, कधी कधी त्याच कंपनीच्या दुसऱ्या मालिकेच्या एसएमपीएसलासुद्धा चालत नाहीत. प्लग बसतो, पण पिनांचा क्रम वेगळा असतो. जुन्या एसएमपीएसच्या साटा (डिस्कला वीज देणाऱ्या) केबली नव्याला लावून एका झटक्यात सगळ्या हार्ड डिस्क घालवलेले लोक कमी नाहीत.

शोधायचा क्रम असा. ग्राफिक्स कार्ड काढा, बटण दाबा. मग डिस्कची पॉवर काढा. मग समोरच्या यूएसबीची वायर, कारण त्या रुंद निळ्या प्लगखाली एखादी पिन वाकून शेजारणीला चिकटलेली असते. मग कॅबिनेटचे फॅन आणि आरजीबी. आरजीबीचा विषय निघालाच आहे तर, तीन पिनांची ५ व्होल्टची पट्टी चार पिनांच्या १२ व्होल्टच्या हेडरवर (बोर्डावरच्या पिनांच्या जागेवर) लावली की ती जळते. यानेही फरक पडला नाही तर बोर्ड बाहेर काढायचा. ती पद्धत पुढे दिली आहे.

काही सेकंद चालतो आणि बंद होतो

इथे सेकंद मोजा. दर वेळी बरोबर चारेक सेकंदांनी बंद होत असेल तर पॉवरचं बटण आत अडकलंय. बटण चार सेकंद दाबून धरलं की पीसी सक्तीने बंद होतो, तेच इथे आपोआप घडतंय. रिसेटचं बटण अडकलं असेल तर फॅन फिरत राहतात आणि स्क्रीन कधीच येत नाही. दोन्ही वायरी काढा आणि स्क्रू ड्रायव्हरने सुरू करून बघा.

दहा-वीस सेकंदांपासून एखाद-दोन मिनिटांनी बंद होत असेल तर कूलर बघा. कूलरच्या तळाची पारदर्शक पट्टी काढायची राहून गेलीय का? इंटेलच्या खोक्यातल्या कूलरला चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात, चारही "टक्" आवाजासह बसायला हव्यात. समोरासमोरच्या दोन आधी दाबा, मग उरलेल्या दोन. बोर्ड उलटा करून पाहिलं की चारही खुंट्यांची काळी टोकं पांढऱ्या पायांमधून आरपार आलेली दिसली पाहिजेत. बायॉसमध्ये जाण्याइतका वेळ मिळत असेल तर तिथलं तापमान वाचा. ३५ ते ५५ अंश सेल्सिअस ठीक. बघता बघता ८० पार करून चढतच असेल तर कूलर टेकलेलाच नाही. "सीपीयू फॅन एरर" असा संदेश आला तर बहुधा फॅनची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या हेडरऐवजी कॅबिनेट फॅनच्या हेडरवर लागलीय.

फॅन फिरतात, डिस्प्ले नाही

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात, आणि इथला पहिला उपाय म्हणजे हात न लावता थांबणं. डीडीआर५ रॅम असलेला पीसी पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करतो, म्हणजे प्रत्येक सिग्नल लाइनची वेळ जुळवून घेतो. एएमडीच्या एएम५ बोर्डांवर यात काही मिनिटं जातात, रॅम ६४ जीबी किंवा चार पट्ट्या असेल तर आणखी. त्या काळात स्क्रीन काळी असते, पीसी मध्येच एक-दोनदा स्वतःहून रीस्टार्टही होतो. नवखा माणूस दोन मिनिटांत घाबरून बटण दाबतो आणि ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. घड्याळ लावून १५ मिनिटं थांबा. बायॉस अपडेट केल्यावर किंवा सीमॉस क्लिअर केल्यावरही (म्हणजे बायॉसच्या सेटिंग पुसल्यावर, पद्धत पुढे आहे) असंच थांबावं लागतं.

थांबून झालं, तरी काळं? मग मॉनिटरची केबल कुठे लावलीय ते बघा. ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाला, म्हणजे कॅबिनेटच्या मागे खालच्या भागात आडव्या असलेल्या पोर्टांना. वर यूएसबीच्या शेजारचा एचडीएमआय बोर्डाचा असतो, आणि तो चालायला प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असावं लागतं. इंटेलच्या नावात शेवटी एफ असेल, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, तर ते नसतं. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्ये नाही, ५६००जी मध्ये आहे. ७६०० मध्ये छोटंसं आहे, ७५००एफ मध्ये नाही. ग्राफिक्स नसलेला प्रोसेसर आणि कार्डही नाही, अशी यादी करून घेतलेला पीसी कितीही हलवला तरी डिस्प्ले देणार नाही. मॉनिटरवर इनपुट एचडीएमआय निवडलाय की डिस्प्लेपोर्ट, हेही बघा. शक्य असेल तर घरच्या टीव्हीवर लावून खात्री करा.

आता बोर्डावरचे चार छोटे दिवे शोधा, बहुधा २४ पिनच्या जवळ किंवा उजव्या वरच्या कोपऱ्यात असतात: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (डिस्क). सुरू होताना ते एकामागून एक लागतात आणि विझतात. जो लागून राहतो तिथे गाडी अडलीय. अगदी स्वस्त बोर्डांवर हे दिवे नसतात, तिथे छोटा बझर स्पीकर विकत घेऊन स्पीकर लिहिलेल्या चार पिनांवर लावा आणि बीपचा अर्थ मॅन्युअलमध्ये बघा. किंमत नगण्य, उपयोग मोठा.

*सीपीयूचा दिवा.* आधी बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातली आठ पिनची केबल. ती कूलरमागे लपते आणि राहून जाते. त्याशिवाय फॅन फिरतात, दिवे लागतात, प्रोसेसरला मात्र वीजच नसते. ती नीट असेल तर बायॉसची आवृत्ती बघा. बोर्ड गोदामात आधीपासून पडून असतो, प्रोसेसर त्यानंतर बाजारात आलेला असतो, आणि बोर्डाला तो ओळखताच येत नाही. बी५५० चिपसेट २०२० च्या जूनमध्ये आला आणि रायझन ५००० मालिका त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. म्हणून सुरुवातीच्या लॉटमधले बी५५० आणि त्याहून जुने बी४५० बोर्ड अपडेट न करता ५६०० उचलत नाहीत. इंटेलचे ६०० मालिकेचे बोर्ड आणि १३ व्या-१४ व्या पिढीचे प्रोसेसर, किंवा बी६५० आणि रायझन ९०००, यांचंही तेच. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर "सीपीयू सपोर्ट" यादीत तुमच्या प्रोसेसरसमोर किमान आवृत्ती लिहिलेली असते. बोर्डावर किंवा खोक्यावर आवृत्तीचं स्टिकर असेल तर त्याच्याशी ताडून बघा.

मागच्या पोर्टांत बायॉस फ्लॅशबॅकचं छोटं बटण असेल तर प्रोसेसर न चालताही अपडेट होतं. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, फाइल अनझिप करून मॅन्युअलमध्ये दिलेल्या नेमक्या नावाने ठेवा, खूण केलेल्या यूएसबी पोर्टातच लावा, २४ आणि आठ पिन दोन्ही जोडा, एसएमपीएस चालू करा आणि बटण तीनेक सेकंद दाबा. दिवा लुकलुकू लागतो. पाच ते दहा मिनिटांनी लुकलुक थांबेपर्यंत कशालाही हात लावू नका. लाइट जायची वेळ असेल तर नंतर करा. काही सेकंदांतच दिवा लुकलुकायचा थांबून नुसता लागून राहिला, तर फाइलचं नाव किंवा पेन ड्राइव्हचं फॉरमॅट चुकलंय. फ्लॅशबॅक नसलेल्या बोर्डासाठी जुना प्रोसेसर लावून अपडेट करून देणारं दुकान गाठावं लागतं.

शेवटचा संशय पिनांवर. इंटेलच्या एलजीए१७०० आणि एएमडीच्या एएम५ प्रकारात पिना बोर्डावरच्या सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसतो त्या जागेत) असतात, एएम४ मध्ये प्रोसेसरच्या पोटाला. टॉर्च तिरकी धरून बघा: सरळ पिनांच्या रांगा एकसारख्या चमकतात, वाकलेली पिन त्या रांगेतून फुटून दिसते. मोबाईलने झूम करून फोटो काढला तर आणखी स्पष्ट. एएम४ ची पिन रिकाम्या पॉइंटर पेन्सिलच्या नळीत धरून हळूहळू सरळ करता येते. एलजीए सॉकेटच्या पिना मात्र केसासारख्या बारीक असतात, सवय नसेल तर हात लावू नका.

*डीरॅमचा दिवा.* रॅमची पट्टी "बसलीय" असं वाटणं आणि खरंच बसणं यात दोन मिलीमीटरचा फरक असतो. बऱ्याच बोर्डांवर आता एकाच टोकाला खटका असतो, त्यामुळे दुसरं टोक वर राहिलेलं लक्षात येत नाही. कॉर्ड काढा, पट्टी उपसा, खाच जुळवा आणि दोन्ही अंगठ्यांनी दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या, खटक्याचा आवाज येईपर्यंत. बाजूने पाहिलं तर सोनेरी पट्टी दिसता कामा नये. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा, ज्यांवर ए२ आणि बी२ लिहिलेलं असतं. पहिल्या आणि तिसऱ्यात लावलेल्या पट्ट्यांवर बरेच बोर्ड उठतच नाहीत.

मग एकच पट्टी ए२ मध्ये ठेवून बघा, नाही झालं तर दुसरी पट्टी त्याच जागी. दोन्हींवर अडलं तर तीच पट्टी बी२ मध्ये. एकच पट्टी सगळीकडे अडत असेल तर ती पट्टी वाईट. एकाच बाजूचे स्लॉट अडत असतील तर रॅम बदलून उपयोग नाही: एलजीए सॉकेटमधली पिन, किंवा कूलरचे स्क्रू एका अंगाला जास्त आवळलेले. कूलर सैल करून स्क्रू तिरपे समोरासमोर, थोडे थोडे आवळा. खोडरबराने रॅमचे पाय घासायची दुकानातली पद्धत जुन्या, काळ्या पडलेल्या रॅमसाठी आहे. नव्या पट्टीला त्याची गरज नाही, उलट रबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो.

*व्हीजीएचा दिवा.* कार्ड सगळ्यात वरच्या लांब स्लॉटमध्ये, खटका लागेपर्यंत. स्वस्त कॅबिनेटचा मागचा पत्रा जरा पुढे आलेला असतो आणि स्क्रू आवळताना कार्डाचं दुसरं टोक स्लॉटमधून वर उचलतो. स्क्रू सैल सोडून चाचणी करा. कार्डाला लागणाऱ्या सगळ्या पॉवर केबली लावल्यात का? नव्या कार्डांची बारीक १६ पिनची केबल शेवटपर्यंत आत गेली नाही तर नुसता डिस्प्ले अडत नाही, लोडवर कनेक्टर वितळतोही. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून बोर्डाच्या एचडीएमआयवर बघा, उत्तर लगेच मिळतं. मित्राकडून आणलेलं खूप जुनं कार्ड नव्या बोर्डावर अडलं, तर कारण बहुधा त्याच्यात यूईएफआयचा (नव्या पद्धतीच्या बायॉसचा) आधार नसणं हे असतं, कार्ड खराब असेलच असं नाही.

कोणताच दिवा स्पष्ट उत्तर देत नसेल तर सीमॉस क्लिअर करा. कॉर्ड काढून, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरने दहा सेकंद जोडून धरा, किंवा सीआर२०३२ बॅटरी पाच मिनिटं बाहेर ठेवा. एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅम जादा वेगाने चालवायची बायॉसमधली सेटिंग) लावल्यावर पीसी उठेनासा झाला असेल तर याने हमखास सुटतं. पहिल्या दिवशी ती सेटिंग लावूच नका, विंडोज बसल्यावर बघता येतं.

बोर्ड बाहेर काढून चाचणी

वरचं सगळं करून झालं असेल, किंवा शॉर्ट सापडत नसेल, तर बोर्ड कॅबिनेटबाहेर काढा आणि त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. बोर्डाच्या चंदेरी पिशवीवर नको, ती बाहेरून थोडी वीजवाहक असते. त्यावर फक्त प्रोसेसर, कूलर, ए२ मध्ये एक रॅम, २४ पिन आणि आठ पिन. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्ड. एसएसडी, यूएसबी, फॅन, काही नाही. पॉवर स्विचच्या पिना स्क्रू ड्रायव्हरने जोडून सुरू करा.

बायॉस दिसलं तर दोष कॅबिनेटमध्ये किंवा बाजूला ठेवलेल्या भागांत आहे. एकेक भाग लावत जा, दर वेळी सुरू करून बघा. जिथे अडेल तोच चोर. बाहेरही तसाच मुका राहिला तर उरले चार: एसएमपीएस, बोर्ड, रॅम, प्रोसेसर, आणि बदलून बघायचे तेही याच क्रमाने. मित्राचा एसएमपीएस त्याच्याच केबलींसकट उसना आणा. एएम४ वर कूलर काढायची वेळ आली तर सरळ वर ओढू नका, आधी हलकेच डावीउजवीकडे फिरवा. कूलरखालची पेस्ट चिकटलेली असते आणि सॉकेट बंद असतानाही प्रोसेसर पिनांसकट उपटून येतो.

बायॉस दिसतं, पुढे जात नाही

हा बिघाडच नाही. रिकाम्या डिस्कवर काही नसल्यामुळे बूटचा दिवा लागतो किंवा पीसी पुन्हा पुन्हा बायॉसमध्येच येतो. बायॉसमध्ये एसएसडीचं नाव दिसतंय का एवढं बघा. दिसत नसेल तर एम.२ एसएसडी (बोर्डावरच बसणारी पातळ पट्टी) तिरपी आत घालून, मग सपाट दाबून स्क्रू लावलाय ना ते तपासा. साटा प्रकारची एम.२ एसएसडी असेल तर ती फक्त एनव्हीएमईसाठी (एसएसडीचा दुसरा, जास्त वेगवान प्रकार) असलेल्या स्लॉटमध्ये बसते, पण दिसत नाही. नाव दिसत असेल तर किमान ८ जीबीचा विंडोज इन्स्टॉलरचा पेन ड्राइव्ह बनवून मागच्या पोर्टात लावा. इन्स्टॉलरला डिस्क दिसली नाही आणि प्रोसेसर इंटेलचा असेल, तर बायॉसमधलं व्हीएमडी (डिस्क सांभाळणारी इंटेलची सेटिंग) बंद करून बघा.

भाग परत करताना

खराब भाग नक्की झाला की पहिले काही दिवस दुकानदार बदलून देतो का ते विचारा, मुदत दुकानागणिक वेगळी असते. ती गेली की कंपनीचं सर्व्हिस सेंटर. जीएसटीचं बिल, सीरियल नंबरच्या स्टिकरचा फोटो आणि दोष दाखवणारा दिव्यांचा छोटा व्हिडिओ जवळ ठेवा. "चालत नाही" याऐवजी "दोन वेगवेगळ्या रॅम ए२ मध्ये लावल्या, डीरॅमचा दिवा विझत नाही" असं लिहून दिलंत तर काम पुष्कळ लवकर होतं. बोर्ड देताना सॉकेटवरचं काळं प्लॅस्टिकचं झाकण परत लावा आणि त्याआधी सॉकेटचा स्पष्ट फोटो काढा. वाकलेली पिन दिसली की वॉरंटी नाकारली जाते, आणि ती वाटेत वाकली की तुमच्या हातून, हे फोटोशिवाय सांगता येत नाही. झाकण फेकून दिलं असेल तर दुकानदाराकडे मागा, असेंब्ली करणाऱ्या दुकानांत ती डबाभर पडलेली असतात.